बाबांचं बोलणं ऐकू यावं म्हणून

बाबा एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होते. त्यातली बरीचशी वर्षं नागपूर–पारशिवनी रस्त्यावर गेली. माणसांनी भरलेल्या गाडीत मागच्या दारातून दिलेली हाक ड्रायव्हरपर्यंत पोचली पाहिजे, असा तो आवाज होता. घरातही त्यांना हळू बोलता यायचं नाही. आज आमच्याकडे कुठली भाजी झाली, हे हुडकेश्वरच्या आमच्या अर्ध्या गल्लीला कळायचं. आई होती तोवर ती हसून खिडकी लावून घ्यायची.

हा आवाज गेल्या दिवाळीत बसला. सर्दी असेल म्हणून आम्ही पंधरा दिवस हळदीचं दूध, काढे केले. मग डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला एकटीला आत बोलावलं. अन्ननलिकेत गाठ होती, आणि तिनं आवाजाची नस दाबली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेलेली होती. बाहेर बाकावर बसलेल्या बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ते उठून चालू लागले. रिक्षात बसल्यावर फक्त म्हणाले, "चाल वं, घरी जाऊ." ते शब्द घशातून नव्हे, नुसत्या श्वासातून आले होते.

मी घरूनच काम करते. बिल्डर लोकांसाठी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर बनवते. आमची दोनच खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, म्हणून बाबांची खाट तिथं हलवली. माझं टेबलही तिथंच, खाटेकडे पाठ करून. आमच्यात दहा पावलांचंही अंतर नव्हतं, आणि मला ते पुरेसं वाटत होतं.

एके दिवशी सकाळी मी एका इमारतीचं चित्र घाईनं पूर्ण करत होते. कॉम्प्युटरच्या डब्यातले तिन्ही पंखे नेहमीप्रमाणे घरघरत होते. इतक्या वर्षांत मला त्यांचा आवाज जाणवेनासा झाला होता. काही वेळानं स्टीलचा चमचा येऊन माझ्या खुर्चीवर आदळला. मागे वळले तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादर ओली झाली होती.

"बाबा, मले आवाज काहून नाही दिला?"

त्यांचे ओठ हलले. मग मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "देऊनच राहिलो होतो वं. तुले ऐकूच नाही आलं."

मी चादर बदलली, त्यांचं अंग पुसलं, धुतलेला लेंगा घातला. ते सगळा वेळ डोळे मिटून होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्यांना घंटी आणून देणं हा एक उपाय होता. मी ती आणलीही. पण त्यांनी ती उशीखाली सारली. "जन्मभर घंटीच मारली मी," म्हणाले, "आता तरी तोंडानं बोलू दे." मग एकच मार्ग उरला. खोली शांत करणं. थंडीचे दिवस होते, कूलर झाकून ठेवलेला, छताचा पंखा बंद. खोलीत आवाज होता तो फक्त माझ्या त्या डब्याचा.

शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवून मी डबा उचलला आणि सीताबर्डीला दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं झाकण काढलं, वायर बोटांत धरली आणि म्हणाला, "ताई, पंखे खराब नाही आहेत. हे तीन पिनवाले आहेत, आणि सेटिंग चार पिनची ठेवली आहे. म्हणून बिचारे रात्रंदिवस फुल स्पीडनं पळून राहिले."

 म्हणजे एवढी वर्षं ती घरघर उगीचच होती. सेटिंगमधली एक ओळ बदलायची होती फक्त.

त्यानं मला कसं करायचं ते दाखवलं. कॉम्प्युटर सुरू होताना आत एक पडदा उघडतो, त्यावर आलेख असतो. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला पंख्याचा वेग. आधी सेटिंग तीन पिनची करायची, मग ठिपके धरून रेघ खाली ओढायची. घरी येऊन मी ती तीस टक्क्यांपर्यंत खाली नेली, तर एक पंखा फिरेचना. चाळीसवर ठेवल्यावर तो फिरू लागला. तापमान जरा वाढलं की पंखे एकदम जोर धरायचे आणि पुन्हा मंदावायचे. तो चढउतार आणखी वाईट होता. मग वेग वाढण्याआधी थोडं थांबायची सूचना देऊन ठेवली. डब्याखाली जुन्या सतरंजीची घडी घातली, तेव्हा टेबलाची थरथरही थांबली. मोठी चित्रं, ज्यांनी मशीन तापतं, ती मी बाबा दुपारी झोपल्यावर लावू लागले.

पहिल्या शांत सकाळी मी खाटेकडे पाठ करून बसले आणि म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

ऐकू आलं. मी वळले नाही. मला रडताना त्यांनी पाहू नये असं वाटलं.

त्यानंतर अडीच महिने ते बोलत राहिले. थोडंथोडं, मध्ये दम घेत. माझ्या पडद्यावरची चित्रं बघून विचारायचे, "एवढ्या मोठ्या घरात माणसं काहून नाहीत वं?" मी एका गच्चीवर खुर्चीत बसलेला म्हातारा माणूस टाकला. त्यांनी नीट पाहिलं. "त्याले चहा दे," म्हणाले.

जानेवारीतल्या एका सकाळी ते मध्येच म्हणाले, "तुह्या कॉलेजच्या गेटापुढून आमची गाडी जात होती."

माझा हात माउसवरच थांबला. मी अठरा वर्षांची असताना एकदा मैत्रिणींबरोबर गेटाशी उभी होते. बाबांची बस थांबली आणि त्यांनी दारात लटकून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझं घरातलं नाव घेऊन हाक मारली. मैत्रिणी हसल्या. कोण हाक मारतंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी "काय माहीत" म्हणाले आणि मान फिरवली. हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

"बाबा, मी तेव्हा..."

"मले माहीत होतं. तुले ऐकू आलं होतं."

"मंग तुमी काहीच काहून नाही बोलले?"

"काय बोलाचं? वयच तसं असते." दम घेऊन ते पुढे म्हणाले, "मंग तिथं मी आवाज देणं बंद केलं. उतरणाऱ्या पोट्ट्यांले सीटपाशी जाऊन सांगत होतो, तुमचं कॉलेज आलं म्हणून."

तीन वर्षं. मी त्या कॉलेजात तीन वर्षं होते, आणि रोज दोनदा ते तिथून मुकाट्यानं गेले होते. मी खाटेपाशी जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "माफ करा," एवढंच मला म्हणता आलं. त्यांचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी चादरीवर दोनदा थोपटलं, तिथूनच.

फेब्रुवारीत पाणीही घशाखाली जाईना. शब्द कमी झाले. एका दुपारी मी त्यांचे ओठ ओल्या कापडानं पुसत होते, तेव्हा ते म्हणाले, "तू काम कर तुह्यं." मी टेबलाशी जाऊन बसले. चित्र पुढं सरकत नव्हतं, पण त्यांना बरं वाटावं म्हणून कळा दाबत राहिले. पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू येत होता, लांबत चाललेला. एक श्वास आला. पुढच्याची मी वाट पाहिली. मग मला उठायलाच हवं होतं, आणि मी तशीच पडद्याकडे बघत बसून राहिले. उठले असते, तर ते खरं झालं असतं.

भाऊ पुण्याहून संध्याकाळी पोचला. आजारपणात तो दोनदा येऊन गेला होता. फोनवर मात्र त्याला बाबांचं बोलणं कधीच समजलं नाही. नुसती फुसफुस ऐकू यायची आणि तो "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहायचा. सगळं आटोपल्यावर स्वयंपाकघरात भांडी लावता लावता त्यानं विचारलं, "शेवटचं काय बोलले गं?"

मला तर शब्द न् शब्द ऐकू आला होता, 'तू काम कर तुह्यं.'

"तुझं नाव घेतलं," मी म्हटलं.

तो ओट्याला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मी हातातलं ताट ठेवलं आणि त्याच्याजवळ फरशीवर बसले.