जोतीरामच्या पायांचं सोंग

जोतीराम सोंगाड्या आहे, असं मी टोळीच्या बावीस माणसांसमोर म्हणालो. आता ते कसं फसलं हेही मलाच सांगायला हवं. मी गोटीराम, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या माथाडींच्या टोळीचा मुकादम. तोंड माझं आधी चालतं, डोकं मागून येतं.

जोतीराम माझ्याच गावचा, पाटण खोऱ्यातला. विशीत मुंबईला आला आणि पाठीवर गोणी घेतली ती तीस वर्षं उतरवली नाही. बोलणं कमी, तंबाखू जास्त. घणसोली गावात भाड्याची खोली, बायको शालन, दोन्ही पोरी उजवलेल्या. गोणी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना त्याच्या मागं राहिलं की आपलेही पाय हलके पडायचे.

असा गडी शहाण्णव साली अडायला लागला. खोलीचा उंबरा आला की उभा. पाऊल उचलेना. शालनवहिनीनं मागून ढकललं तर तोंडावर पडायचा. हात थरथरायचे. डॉक्टर म्हणाले कंपवात, मेंदूचा आजार. गोळ्या सुरू झाल्या. टोळीनं त्याला नासका कांदा निवडायला बसवलं आणि त्याच्या गोण्या आम्ही वाहिल्या. कुणी कुरकुरलं नाही.

पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाला हलगी कडाडली. जोतीराम कडेला खुर्चीवर बसला होता. बघता बघता उठला, कुणाच्या तरी हातातली लेझीम घेतली आणि मिरवणुकीत घुसला. दोन पावलं पुढं, एक मागं, वाकून, वळून, चांगला अर्धा तास! हलगी थांबली तसा जागच्या जागी खांब. मला तर ते अडणंही सोंगच वाटलं, सोयीनं केलेलं. आमच्या पाठी मोडल्या आणि हा बुवा नाचतोय!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला धरला. "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला न्हाय. सोमवारपासनं गोणी उचल, न्हायतर टोळी सोड."

त्यानं मान वर केली नाही. "मलाबी कळंना गोटीराम. हलगी वाजली का पाय माझं ऱ्हात न्हाईत. थांबली का बी माझं ऱ्हात न्हाईत."

संध्याकाळी शालनवहिनी माझ्या दारात. "भावजी, नेरूळच्या बाई काय सांगत्यात त्ये ऐका तरी. मग काय करायचं त्ये करा."

गेलो. जोतीरामही सोबत होता. नेरूळच्या या सुमेधाबाई अशा रुग्णांना चालायला शिकवायच्या. त्यांनी टेबलावरचं टिकटिक करणारं छोटं यंत्र चालू केलं आणि जोतीराम त्या टिकटिकीवर खोलीभर फिरला. बंद केलं, अडला. बाई म्हणाल्या, "मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचताना अडतो. बाहेरून ठेका मिळाला की पाय त्याला धरून चालतात. त्यांच्या हातात नाही ते."

"मग मनातल्या मनात मोजून का चालत न्हाय?"

"काहींना जमतं, काहींना नाही. का, ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही."

बाईंनाच उमगलं नाही तर मला काय डोंबल कळणार! बाईंनी मला एकसारख्या टाळ्या वाजवायला शिकवल्या. मी त्या शिकलो, पण विश्वास बसला नव्हता. आजार असा टाळी वाजवली की जाणारा असतो होय?

सोमवारी मीच त्याला आणायला गेलो. टाळी वाजवत उंबऱ्यातून काढला, बसमध्ये चढवला, बाजाराच्या फाटकाशी आणला. फाटकातून आत रस्ता ओलांडताना मी चार पावलं पुढं होतो. तिथं मनातला किडा वळवळला. मधोमध टाळी थांबवली. म्हटलं, बघू तरी.

जोतीराम थांबला. एक ट्रक रिव्हर्स घेत त्याच्याकडे येत होता, मागचं बघणारा क्लीनर पलीकडच्या बाजूला. जोतीराम ट्रककडे बघतच नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता.

टाळी वाजवायची होती. देवाशपथ सांगतो, वाजवायची होती. डोकं ओरडत होतं वाजव, आणि हात एकमेकांकडे येईनात. असे कसे माझेच हात माझं ऐकेनात? शेवटी तोंडातून एक शिवी सुटली. मग दुसरी, तिसरी, फळीवर गोणी चढवताना द्यायचो त्याच चालीवर. जोतीराम त्या शिव्यांवर एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आला. ट्रक त्याच्या पाठीला वारा घालून गेला.

मला रडू फुटलं. त्यानं माझी मनगटं धरली. थरथर त्याची होती की माझी, आजही सांगता येणार नाही.

"सोंगाड्या म्हनलास त्ये जाऊ दे," तो म्हणाला. "पर टाळी मदीच सोडत नगं जाऊ."

गोणीचं नाव मी काढलं नाही. निवडायच्या कांद्याच्या ढिगापर्यंत त्याच्यापुढं टाळ्या वाजवत गेलो. अख्खी टोळी बघत होती. बघू दे.