आईनं बेणलेली तळी

जुलैचा दुसरा रविवार. हजर: मी, आई आणि आमचे हे. ठिकाण: आटगावच्या घरामागची मोकळी जागा. ह्यांनी तिथे सहा फूट लांब, चार फूट रुंद खड्डा खणून, ताडपत्री अंथरून, वर चिकणमाती थापली होती. पावसाने तो भरला आणि आम्ही त्याला तळी म्हणू लागलो.

झाडांची यादी मी आधीच केली होती. वहीत तीन रकाने: खोल पाणी, काठचा चिखल, कोरडी कड. खोल पाण्यात पोयणी, म्हणजे आमच्याकडचं कुमुद. चिखलात वेखंड, ब्राह्मी, लव्हाळ्याचे चार ठोंब आणि पाणकणीस, पण एकच, कारण ते हळूहळू सगळी जागा खातं. कडेला वाळा, त्याची मुळं माती धरून ठेवतात. शहापूरच्या रोपवाटिकेतला माणूस छत्रीसारखं परदेशी गवत पुढे करत होता. "मॅडम, बंगल्यांत सगळे हेच लावतात." मी नको म्हटलं.

तळी आईसाठी होती. म्हशाजवळच्या आमच्या गावी घरामागे मोठी तळी आहे. भावाने घरासकट ती जमीन विकली आणि मार्चमध्ये आई माझ्याकडे आली. दिवाळीनंतर तळीत मुरूम टाकून प्लॉट पाडणार आहेत. आल्यापासून आई जेवायची, विचारलं तर बोलायची, एरवी खाटेवर बसून असायची. तिला तो काठ इथे आणून द्यावा, एवढंच माझ्या मनात होतं. पण विक्रीवरून भावाशी बोलणं तुटलेलं, त्यामुळे गावी जायचं टाळलं. पोयणी रोपवाटिकेतून घेतली, लव्हाळा मुरबाडच्या वाटेवरच्या ओढ्यातून.

सगळं लावून चहाला आत गेलो. परत आलो तर आई पदर खोचून काठावर बसलेली. लव्हाळ्याचे चारही ठोंब उपटून, मुळं वर करून, बांधावर वाळत टाकतात तसे ओळीने मांडलेले.

"आई, हे काय केलंस?"

"बेणली. लव्हाळा माजलावता."

"माजला नव्हता. मी लावला होता."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "लव्हाळा? लावलास? जल्मभर भातातून उपटून माझी कंबर गेली, आनि तू लावतेस?"

हे हसत म्हणाले, "आई, तिने वहीत लिहून लावलाय."

"त्याला वही कशाला लागते, जावयबापू? नको म्हटला तरी येतो तो."

मी रागावणार होते. पण तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले होते आणि ती हसत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग तिने पोयणीचं पान उचलून बघितलं. "ही कुटली?"

"शहापूरची."

"म्हनूनच. आपली नाय ही. आपलीचा देठ हातभर लांब. मोडून मोडून माळ करून गल्यात घालायचात तुमी दोघा."

आम्ही दोघं. मी आणि भाऊ. देठ एका बाजूने मोडायचा, दुसऱ्या बाजूची साल लोंबती ठेवायची, खाली फूल. ओल्या माळेचा छातीला लागणारा गारवा मला तिथे उभ्या उभ्या आठवला.

"गड्डे आन तिथून," आई म्हणाली. "मुरूम पडला का संपला. गुडघाभर उतरून पायानं चाचपायला लागता. तुला नाय जमायचा, भावाला सांग. त्याला जागा म्हाईत हाय." लव्हाळ्याचा एक ठोंब तिने स्वतःच परत चिखलात रोवला. बेडकांना बसायला, म्हणे.

आता नवरात्र बसलंय. वेखंड, ब्राह्मी, वाळा, तिन्ही जगले, वहीत त्यांच्यापुढे खुणा झाल्या. शहापूरची पोयणीही फुलते, गुलाबी. आई सकाळी तळीकाठी बसते, पिवळं पान खुडते आणि मला विचारते, "केलास फोन?"

मी म्हणते, आज करते. खोल पाण्याच्या रकान्यात भावाचा नंबर लिहून ठेवलाय. फोन अजून करायचा आहे.