बीदर वीस मिनिटं मागे

बीदरच्या स्टोरेजच्या खोलीत मी ऐन उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसते. बाहेर लाल दगड तापलेला, आत गार वारा आणि एकसुरी घरघर. सकाळच्या कामांवर एकामागून एक खुणा करून झाल्या की त्या घरघरीत मला जागेपणीच झोप लागल्यासारखं व्हायचं.

आमचं मोठं रुग्णालय कलबुर्गीला, शाखा बीदरला. दोन्हीकडे कपाटाएवढं एकेक स्टोरेज, आत ओळीने डिस्क. कलबुर्गीत स्कॅन साठवला की तो आधी तिथल्या डिस्कवर उतरतो, डॉक्टरांना ‘साठवला’ असं दिसतं, आणि मग त्याची नक्कल केबलने बीदरला येते. तिथे जे ज्या क्रमाने घडलं, ते त्याच क्रमाने इथे घडतं. दर वेळी बीदरच्या होकाराची वाट बघायची म्हटली, तर डॉक्टरांचा पडदा अडखळत राहील. म्हणून कलबुर्गी थांबत नाही आणि बीदर नेहमी थोडं मागे असतं.

किती मागे, ते माझ्या पडद्यावर दिसतं. एरवी एक-दोन मिनिटं. कलबुर्गीत तपासून उठलेला माणूस माझ्या खोलीत अजून उठलेलाच नाही, असं वाटायचं. हुमनाबाद सोडून, हळ्ळीखेडच्या तुरीच्या रानांखालून तो आपला सावकाश येतोय.

त्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात मोठी केबल तुटली. सगळं बारक्या लाईनवर आलं आणि आकडा वीस मिनिटांवर गेला. मी सकाळपासून तीनदा तक्रार केली होती.

त्याच सकाळी राजेश्वर गावच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या छातीच्या स्कॅनमध्ये डाग दिसला होता. डॉक्टरांना एवढंच ठरवायचं होतं, डाग जुना की नवा. जुना असेल तर हात लावायचा नाही, नवा असेल तर छाती उघडायची. आठ वर्षांपूर्वी त्यांचा स्कॅन कलबुर्गीला झाला होता. तो मिळाला की उत्तर मिळणार होतं. इथली नक्कल अडीअडचणीपुरती; डॉक्टरांचा पडदा जुने स्कॅन कलबुर्गीहूनच मागवतो, आणि आज तिथून तो येत नव्हता. बाई बाकावर बसून पोरांच्या वह्या तपासत होत्या. मला बघून म्हणाल्या, “मॅडम, तुमचं मशीन नापास झालं का?”

मी कलबुर्गीच्या ऑपरेटरला फोन लावला. माझ्यापेक्षा वयाने मोठे, कामाला चोख. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

“अण्णा, बाईंचा आठ वर्षांमागचा स्कॅन पाठवा.”

“इथं न्हाई आता, अक्का. जागाच उरली न्हाई, जुनी वर्षं काढायलोय. तुमच्याकडं हायेत की. तिथूनच बघा.”

“कधीपासून काढायलाव?”

“पाऊण तास झाला. एकेक वर्ष, जुन्यापासून. आठ वर्षांमागचं आत्ताच काढलं. कामून?”

“हात थांबवा! तुम्ही तिथं पुसलं की इथंही पुसतं.”

“असं कसं? नक्कल हाय म्हणायलाव ना तुम्ही?”

“व्हय, नक्कलच. पुसण्याचीसुद्धा.”

आमच्या भागात शहरातल्या घरात न मावणारी भांडी, पेट्या, जुनी पुस्तकं गावाकडच्या घरी नेऊन ठेवतात आणि निर्धास्त होतात. अण्णांनी बीदरला तसंच गावाकडचं घर धरलं होतं. आणि “दोन ठिकाणी आहे, काळजी नको” हे वाक्य त्यांना मीच वर्षानुवर्षं ऐकवलं होतं.

फोन कानाला असतानाच मी दोन स्टोरेजमधला दुवा तोडला. आकडा जागीच थांबला. पहिल्यांदाच त्या खोलीत काहीच येत नव्हतं. घरघर तशीच होती, पण माझ्या भोवती वीस मिनिटांपूर्वीची सकाळ थिजली होती. अण्णांनी तिथे काढलेली काही वर्षं इथे अजून काढलेली नव्हती. पाण्याखाली डोळे उघडल्यासारखी मी फोल्डरांतून फिरत गेले. पहिली तीन वर्षं रिकामी. चौथ्यात चित्रं होती. आणि त्याच्याही पुढे राजेश्वरच्या बाई.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. काळ्या छातीत एक पांढुरका ठिपका, दोन्हीकडे तिथेच, तेवढाच.

“जुना आहे,” ते म्हणाले. “राहू द्या.”

बाई वह्या पिशवीत भरत म्हणाल्या, “आठ वर्षं माझ्यासंग शाळेत यायलाय म्हणा की. अन् मी एकदाबी हजेरी घेतली न्हाई!”

खोलीत परतले तर अण्णांचा फोन वाजत होता. आवाज उतरलेला. “अक्का, जोडायचं का परत?”

“नका, अण्णा. आत्ता जोडलं तर तुमचं रिकामंपण इथं येईल. आधी इथलं तिकडं पाठवते.”

“चूक झाली माझ्यानं.”

“दोघांची. पुसलं तरी पुसलं जाणार नाही अशी वेगळी प्रत मी ठेवायची होती. ते काम मी पुढंच ढकलत आले.”

दुपारभर मी पडद्यापुढे बसून राहिले. बारक्या लाईनवरून एकेक वर्ष उलट्या दिशेने निघालं, रानांखालून, हळ्ळीखेडवरून, हुमनाबादवरून. कलबुर्गीला एक पोचलं की अण्णा फोनवर “आलं” म्हणायचे आणि मी पुढचं सोडायचे. चौथं आलं. पाचवं आलं. पहिली तीन मात्र कुठूनच निघाली नाहीत.