भाचीला गिम्नाझियुममध्ये घालण्याचा उद्योग

जानेवारीत धाकट्या बहिणीचा जर्मनीहून फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. ती रडत होती. मी विचारलं, "कुणाला काय झालं?"

"ताई, हिच्या टीचर म्हणतात, हिला गिम्नाझियुम झेपणार नाही."

हिला म्हणजे माझ्या भाचीला. भाची चौथीत. मला वाटलं व्यायामशाळेचा विषय आहे. मी म्हटलं, "मग नको घालूस. आपल्या घरात कुणाला झेपलंय?"

बहिणीचं रडणं थांबलं, पण त्याचं कारण ती चिडली हे होतं. मग तिने मला नीट समजावून सांगितलं. ते जर्मनीच्या दक्षिणेकडे राहतात. तिथे चौथी झाली की मुलांची वाटणी होते. गिम्नाझियुम ही वरची शाळा, तिथून सरळ युनिव्हर्सिटीत जाता येतं. दुसरी मधली, तिला रेआलशूले म्हणतात. आणि एक त्याहून खालची. गणित, जर्मन आणि सामान्यज्ञान ह्यांच्या मार्कांवर कोण कुठे जाणार ते ठरतं. भाचीचं गणित बरं होतं, पण जर्मनने घात केला होता. बाईंनी मधल्या शाळेचं नाव घेतलं होतं. मे महिन्यात वेगळी प्रवेशपरीक्षा देऊन वरच्या शाळेत जाता येत होतं, तेवढीच एक फट उरली होती.

"आम्ही दोघं इंजिनियर," बहीण म्हणाली. "आणि आमची मुलगी मधली?"

माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला. मी अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहते आणि रीतसर परमिट काढून घरी गणिताच्या शिकवण्या घेते. मुलगा पुण्याला कॉलेजला गेल्यापासून माझ्यातल्या आईला काही काम उरलं नव्हतं. मी म्हटलं, "ईस्टरच्या सुट्टीत तिला घेऊन इकडे ये. बाकी माझ्यावर सोड."

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्यापुढे भाषण केलं. दहा वर्षांच्या पोराचं भवितव्य ठरवतात म्हणजे काय, बाहेरून आलेल्या लोकांची मुलं बरोबर मधल्या आणि खालच्या शाळेत कशी जातात, युरोपबद्दल आपण उगाच काय काय समजून बसतो, वगैरे. नवरा बिल्डिंगांच्या एसीची कंत्राटं सांभाळतो. त्याने भात कालवता कालवता विचारलं, "आणि इथे?"

"इथे कुठे असली परीक्षा आहे?"

"परीक्षा नाही. इथे पगार बघतात. आपला मुलगा साडेतीन वर्षांचा असताना आपण कुठली शाळा निवडली? जिची फी कंपनी देत होती ती. तुझ्याकडे शिकायला येणारी पोरं कुठल्या शाळांतली आहेत? आणि माझ्या साइटवरच्या माणसांची मुलं तर ह्या देशातच नाहीत. तेवढ्या पगारावर फॅमिली आणता येत नाही. ती तिकडे खेडला, गुहागरला शिकतायत."

मी म्हटलं, "आमटी घे."

एप्रिलमध्ये मायलेकी आल्या. भाची लांब पायांची, शांत, आणि मराठी बोलताना प्रत्येक शब्द आधी तपासून घेणारी. "मावशी, मला भूक आहे, पण मला भाजी नको आहे," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि मला तिचं हे सरळ बोलणं फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायनिंग टेबलावर फळा उभा केला. गणिताची बेरीज-वजाबाकी-गुणाकार ती पटापट करत होती. अडत होती ती शाब्दिक उदाहरणांत. ती उदाहरणं अर्थातच जर्मनमध्ये होती. म्हणजे गणित शिकवण्यासाठी आधी मला जर्मन येणं भाग होतं. मी ते शिकायला घेतलं. तीन लिंगं आहेत म्हटल्यावर तर मी निर्धास्त झाले, कारण मराठीतही तीनच आहेत. 'मुलगी' हा शब्द त्यांच्याकडे नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर मी बहिणीला म्हटलं, "आपण नाही का 'ते पोर' म्हणत? ही भाषा आपल्यासारखीच आहे." बहीण तिथे बारा वर्षं राहतेय. तिने माझ्यापुढे जर्मन व्याकरणाचं पुस्तक सरकवलं.

आठवडा संपायच्या आत भाची माझ्या चुका दुरुस्त करायला लागली. परीक्षेत चित्रांवरून गोष्ट लिहायची होती. मी तिला सांगितलं की शेवटी एक छानसं तात्पर्य घाल, बाईंना आवडतं. ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मावशी, जर्मन गोष्टीत तात्पर्य नसतं. कॉमा असतात."

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल असायचा. वर्गातली तिची जिवलग मैत्रीण. त्या मुलीचं कुटुंब सीरियातून जर्मनीत आलेलं. वडील पार्सलांची व्हॅन चालवतात, आई वृद्धाश्रमात काम करते. एकदा मी कॉलमध्ये डोकावले, तर ती मुलगी सरसावून बसली आणि माझ्याशी अरबीत बोलायला लागली. अबू धाबीतल्या मावशीला अरबी येत नसेल ही शक्यताच तिच्या मनात आली नसणार. इतकी वर्षं ह्या देशात काढून मला येणारं अरबी म्हणजे यल्ला, खलास आणि इन्शाल्ला, म्हणजे चला, संपलं आणि देवाची इच्छा. मी ते तिन्ही शब्द एका दमात वापरून टाकले. ती हसत हसत खुर्चीवरून घसरली.

कॉल संपल्यावर भाची इंग्लिशमध्ये म्हणाली, "तिला आणि मला एकूण अगदी सेम मार्क्स आहेत. मॅथ्समध्ये तर ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मग तिची परीक्षेची तयारी कोण घेतंय?"

"कुठली परीक्षा? ती रेआलशूलेला जाणार. टीचरने सांगितलं ना."

"तुझ्या टीचरनेही तेच सांगितलं होतं."

"हो," भाची म्हणाली. "पण माझी आई रडली. तिची आई नाही रडली."

मी बहिणीकडे बघितलं. बहीण फोनकडे बघत होती.

माझा उत्साह लगेच दुप्पट झाला. मी म्हटलं, त्या मुलीच्या आईला फोन करू. बहिणीने साफ नकार दिला. "ताई, लोकांच्या घरात नाक खुपसायचं नसतं. तिथे तर नाहीच नाही. आणि तिच्या आईचं जर्मन जेमतेम आहे. एवढं सगळं मी कसं समजावणार?"

"अरबीत समजावू," मी म्हटलं, आणि शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली.

शेजारच्या भाभी मूळच्या श्रीवर्धनच्या, वाढल्या मात्र इथेच. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे अरबी त्यांच्या जिभेवर मराठीइतकंच सहज. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ओढणी सारखी करत म्हणाल्या, "चला वहिनी, पण मी तुमचंच बोलेन हं, माझं काही घालणार नाही."

स्क्रीनवर मुलीची आई आली. कामावरून नुकतीच आलेली असावी, युनिफॉर्म अंगावरच होता. दोघींचं आधी बराच वेळ ख्यालीखुशालीचं बोलणं झालं. मग भाभी मुद्द्यावर आल्या. ती बाई गंभीर होऊन ऐकत राहिली. मग तिने विचारलं ते भाभींनी मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, बाईंनी सांगितलं मुलगी मधल्या शाळेत छान राहील. बाईंनी सांगितल्यावर आम्ही कसं नाही म्हणणार? परीक्षा दिली तर त्यांचा अपमान नाही ना होणार?"

"नाही म्हणावं. तो हक्कच आहे."

भाभींनी सांगितलं. ती बाई पुन्हा बोलली, ह्या वेळी जरा जास्त.

"ती म्हणते, समजा गेली तिथे आणि अडली, तर कुणाला विचारायचं? घरात आम्हा दोघांनाही तेवढं येत नाही. तुमच्या भाचीला तुम्ही आहात."

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "तिलाही मी आहे म्हणून सांगा."

भाभी थांबल्या. "वहिनी, खरंच सांगू? अरबीत हे फार मोठं वाटेल."

"सांगा."

त्यांनी सांगितलं. माझ्या चार शब्दांचं अरबी बरंच लांब झालं. त्या बाईने छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मान लववली. माझं काही घालणार नाही म्हणणाऱ्या भाभींनी मला अबू धाबीतली नावाजलेली प्रोफेसर करून टाकलं होतं, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मायलेकी परत गेल्यावर शुक्रवारची ऑनलाइन शिकवणी सुरू झाली. एका खिडकीत दोन डोकी. गणितात ती दुसरी मुलगी खरोखरच सरस होती. मी उदाहरण वाचून संपवायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. अर्थात माझं जर्मन वाचन इतकं सावकाश चालायचं की ह्यात तिचं कौतुक किती आणि माझी नाचक्की किती, ते सांगणं कठीण. जर्मनचा विषय बहिणीने स्वतःकडे घेतला. लोकांच्या घरात नाक न खुपसणारी माझी बहीण आता दोन्ही मुलींना घरी बसवून कॉमा शिकवत होती.

मे महिन्यात परीक्षा झाली. अनोळखी शाळा, अनोळखी शिक्षक. निकालाचा फोन बहिणीने केला. "आपल्या पोरीला चार आणि चार. मैत्रिणीला गणितात तीन, जर्मनमध्ये पाच."

"पाच म्हणजे उत्तम की," मी म्हटलं.

"ताई, इथे एक म्हणजे सर्वात चांगलं आणि सहा म्हणजे सर्वात वाईट. किती वेळा सांगितलं?"

मग तिने नियम सांगितला. चार आणि चार असेल तर निर्णय आईवडिलांवर सोपवतात. घालायचं तर घाला. पण कुठेही पाच आला की दार बंद. दोघींच्या आकड्यांची बेरीज आठच होते हे गणित शिकवणाऱ्या माझ्या लक्षात यायला फोन ठेवावा लागला. त्याआधी मी बहिणीला सांगून टाकलं होतं की विचार कसला करतेस, आजच नाव नक्की कर. आणि तिने केलंही.

मी पेढे घेऊन शेजारी गेले. भाभींनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आणि दुसरी?"

मी सांगितलं. त्यांनी पेढा बशीत ठेवला. "तिच्या आईशी बोललात?"

मी बोलले नव्हते. बोलायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भाभींनी तिथेच फोन लावला. मी काय बोलावं म्हणून शब्द जुळवत होते, तोवर ती आईच काहीतरी म्हणाली आणि भाभी हसल्या.

"काय म्हणते?"

"म्हणते, अलहमदुलिल्ला, पोरीने प्रयत्न केला. विचारतेय, प्रोफेसर बाईंचा शुक्रवारचा क्लास चालू राहील ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सप्टेंबरपासून दोघी वेगवेगळ्या शाळांत जायला लागल्या. पहिले काही दिवस भाची रोज रडायची, मैत्रीण नाही म्हणून. नंतर लॅटिनमुळे रडायला लागली. बहिणीने तिच्यासाठी तिथलीच युनिव्हर्सिटीत शिकणारी एक मुलगी शिकवणीला ठेवली. ती शुक्रवारीच यायची. त्यामुळे जिच्यासाठी मी फळा उभा केला, जर्मनच्या लिंगांशी झुंजले, ती भाची माझ्या वर्गातून गेली. उरली मैत्रीण. भाभीही येऊन बसायला लागल्या. आधी दुभाषी म्हणून, मग सवय म्हणून. आता त्या दोघी अरबीत हसतात आणि मी फळ्याशी उभी राहून कशावर हसल्या ह्याचा अंदाज घेते. बहुधा माझ्यावरच.

गेल्या महिन्यात त्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. मुलगी गणितात वर्गात पहिली, जर्मनही सुधारलंय, मार्क असेच राहिले तर पुढच्या वर्षी गिम्नाझियुममध्ये बदली करता येईल म्हणाल्या. आईने शुक्रवारी स्क्रीनवर येऊन माझं मत विचारलं. इकडे त्याच आठवड्यात भाचीने बहिणीला सांगितलं होतं की तिला मधल्या शाळेत जायचंय.

ह्या वेळी कुणालाही सल्ला द्यायचा नाही असं मी ठरवून बसले होते. भाभींनी प्रश्न मराठीत केला आणि मी लगेच म्हटलं, "पाठवा की, विचार काय करायचा त्यात?"

भाभी अरबीत सांगायला लागल्या, तेवढ्यात मुलगीच मध्ये बोलली. जर्मनमध्ये, माझ्यासाठी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तिने भाचीला तिच्या शाळेबद्दल विचारलंय म्हणाली. तिथे लॅटिन असतं, आणि शाळेला बसने जावं लागतं. तिच्या आत्ताच्या शाळेत फुटबॉलची टीम आहे आणि ती त्यात गोलकीपर आहे. वर्ष संपेपर्यंत ती विचार करणार आहे. नंतर सांगेल.

आईने तिच्याकडे बघितलं, मग भाभींकडे, मग माझ्याकडे. मला सगळं कळलं होतं, एकही शब्द न अडता. त्या आनंदात उत्तर द्यायचं राहूनच गेलं. मुलीने वही उघडली आणि विचारलं, अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?

मी म्हटलं, बघू, आणि खडू शोधायला लागले.