दिवेआगरच्या विहिरीतला समुद्र

आगरदांड्याला मचव्यात (शिडाच्या होडीत) चढताना पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. हातोडी तेवढी वर धरून ठेवली होती. तांडेल म्हणाला, "बाई, जीव वाचवा, हातोडी काय वाचवताय?" सगळे हसले, मीही हसले. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हातोडीशिवाय कोण ओळखणार?

दिघीहून बैलगाडीने दिवेआगरला पोचले. धोंडूदादांच्या सुपारीच्या वाडीत नवी विहीर खणताना शिंपले लागल्याचं त्यांच्या मुंबईच्या भावाकडून कळलं होतं. जुन्या विहिरीचं पाणी खारं झालं होतं. नवीही खारी निघाली, तर शिपणं (झाडांना पाणी देणं) थांबणार आणि वाडी जळणार.

बघते तर शिंपले गायब! दादांच्या पत्नीने, सखूवहिनींनी, ते हळदकुंकू वाहून समुद्रात सोडले होते.

"दर्याची वस्तू घरात ठेवली, का दर्या मागं येतो. पाणी खारं व्हतं."

मी कपाळाला हात लावला. माझा चेहरा बघून वहिनीच म्हणाल्या, "खाली अजून हायत. उतरताय?"

पदर खोचला आणि दोर धरून उतरले. वर वाळू, खाली शिंपल्यांचा थर. बहुतेक शिंपले दोन्ही झाकणं मिटलेले. लाटांनी आणून टाकले असते, तर झाकणं सुटी झाली असती. म्हणजे हे जीव इथेच जगले आणि इथेच गाडले गेले. फार पूर्वी ध्रुवांकडचा बर्फ वितळून समुद्र चढला, तेव्हा या वाडीच्या जागी पाणी होतं. पुढे ते मागे सरलं. इतकी वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र त्या दिवशी बोटांना लागलं. आनंदाने डोळे भरून आले.

वर येऊन हे सांगितलं, तर दादांचा चेहरा उतरला. "म्हंजे खाली दर्याच हाय? मग बुजवतो."

"तेव्हा होता. त्यानंतर किती पावसाळे त्यातून झिरपलेत," मी म्हणाले. "पण पाणी गोडंच लागेल असं वचन मला देता येणार नाही."

दादा सुपारीच्या शेंड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खणू."

जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. मी तुटून पडले. वहिनी हातातला घास तसाच धरून विहिरीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी लागलं. नव्या विहिरीचं पहिलं पाणी या घरात माहेरवाशिणीने प्यायचं. दादांना ना बहीण, ना लेक. वहिनींनी पाणी गाळून तांब्या माझ्यापुढे धरला. "तुमीच घ्या, बाई."

एक घोट घेतला.

"गोडं आहे!"

वहिनी मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

निघताना त्यांनी खणानारळाने माझी ओटी भरली. आई गेल्यापासून ती कुणी भरली नव्हती. माणगावच्या एसटीत बसल्यावर बघितलं, तर नारळाखाली एक मिटलेला शिंपला होता. दर्याची वस्तू घरात न ठेवणाऱ्या बाईने तो माझ्यासाठी राखला होता. त्या घराचे उपकार कसे फेडावेत, मला कळत नाही.

समुद्र कसा चढला-उतरला हे शिकवताना मी तो शिंपला वर्गात दाखवते. कुठून आणला, असं मुली विचारतात. मी सांगते, माहेरून.