हसरी बाजू मध्ये

"थांबा!" असं मी ओरडेपर्यंत अकरा हंडे ओतून झाले होते.

बारावा हंडा शिडीवर अर्ध्यात होता. पहिल्या अकरा हंड्यांचं पाणी छपरावरून बाहेर न जाता, सगळ्या वस्तीच्या देखत, खोलीच्या बरोब्बर मध्यभागी धो धो पडत होतं. खाली टेबल होतं आणि टेबलावर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे चार गठ्ठे. ती पुस्तकं तिथे आणायचं काहीच कारण नव्हतं. पण आमच्या आर्किटेक्टला फोटोत 'वापरात असल्याचा फील' हवा होता. मिळाला.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे इमारत दिसते कशी ते आर्किटेक्ट ठरवतो आणि पडली तर विचारतात मला. घाटकोपरच्या या टेकडीवर, विहाराच्या मागे, ही अभ्यासिका आहे. मीही इथेच शिकले, पत्र्याखाली. मे महिन्यात डोकं भाजायचं आणि पावसात कोपऱ्यातली दोन बाकं सोडून बसायचं. त्यामुळे कुठल्याशा कंपनीने समाजसेवेच्या खात्यातून नवं छप्पर द्यायचं ठरवलं, तेव्हा मी फी न घेता उडी मारली. फुकट कामात हात घालू नये असं माझे वडील म्हणायचे. ऐकतंय कोण!

समितीच्या अध्यक्षा लीलामावशी. त्यांना साधा नवा पत्रा हवा होता. मी त्यांना शब्द दिला, "मावशी, हे छप्पर गळणार नाही. गळलं तर मी पुन्हा या टेकडीवर इंजिनिअर म्हणून तोंड दाखवणार नाही." माणसाने इतकं बोलू नये.

आर्किटेक्ट निनाद, ऑफिस पवईला, तळ्याच्या बाजूला. तिथून टेकड्या फार सुंदर दिसतात म्हणे. त्याने आणलं वक्र पॅनेलचं मॉड्युलर छप्पर. मॉड्युलर म्हणजे एकाच साच्यातले सारखे तुकडे, जागेवर आणून बोल्टने जोडायचे. इथे चार पॅनेल, फायबरची, प्रत्येकी आठ बाय आठ फुटी. चार जोडली की सोळा बाय सोळाची खोली झाकली.

आणि खरं सांगते, कल्पना झकास होती. कागद सपाट धरला तर लोंबतो. तोच जरा वाकवून धरला की ताठ राहतो. तसंच हे. पॅनेल पातळ, हलकं, चौघांनी उभं धरून आमच्या अरुंद पायऱ्यांवरून वर आणलं. पत्र्याखाली लागतात तशा लोखंडी त्रिकोणी कैच्या नाहीत, मध्ये खांब नाही.

आकार कसा? डब्यात एकावर एक रचलेले बटाट्याचे वेफर असतात ना, तसा. समोरासमोरचे दोन कोपरे वर, उरलेले दोन खाली. एका बाजूने बघाल तर वेफर हसतो, दुसऱ्या बाजूने बघाल तर तोच वेफर तोंड पाडून बसतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पॅनेल बसवायची तर प्रत्येकाचा एक उंच कोपरा मध्यभागी यायला हवा. मग मधला भाग उंच राहतो, पाणी चारी बाजूंना उतरतं आणि मधल्या जोडावर आम्ही लावलेली टोपी टोपीचंच काम करते. हीच पॅनेल काटकोनात फिरवून बसवली, तर मध्ये चारही खालचे कोपरे येतात. छपराचं नरसाळं होतं आणि टोपीची गाळणी.

ड्रॉइंग होतं. निनादने पाठवलेलं, सव्वीस पानांचं. त्यात बाणांचे सहा रंग होते. आमचे मिस्त्री शांताराम, मूळचे मालवणचे. वडील गिरणीत होते, हे फॅब्रिकेशनमध्ये आले. त्यांनी सव्वीस पानं उलटून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, सोडा हो, सोपं करून सांगते. माझं सोपं करून सांगणं तर फार नावाजलेलं! पॅनेलची एक कर्णरेषा दाखवली आणि म्हटलं, "ही बघा, हसणारी. हसरी बाजू मध्ये आली पाहिजे. बस्स." शांताराम खूश, मी खूश. दोन दिवस मी बोरिवलीच्या साइटवर निघून गेले.

परत आले ती थेट पाण्याच्या टेस्टला. आमच्याकडे पाणी पहाटे तासभर येतं. छपराची चाचणी घ्यायची तर पाणी आणायचं कुठून? बायकांनी आपणहून ठरवलं, घरटी एक हंडा. प्यायच्या पाण्यातला. शिडीशी चाळीस हंड्यांची रांग लागली होती. मी पायऱ्या चढून वर आले, छपराकडे मान वर केली आणि ओरडले. निनाद तेवढ्यात म्हणत होता, "मॅडम, काय फ्लो आहे बघा!"

फ्लो होताच.

लीलामावशी भिजलेलं एक पुस्तक उचलून माझ्यासमोर आल्या. पानं एकमेकांना चिकटली होती. "सुनंदा, आमचा पत्रा निदान कडेने गळत होता गं. तुझं छप्पर तर मधोमध गळतं. आणि आमच्याच प्यायच्या पाण्याने फरशी धुतलीस."

मी पुस्तक घेऊन पानं सोडवायला लागले. लाज वाटली, अगदी कानशिलं तापली.

निनादला मात्र लाजायला वेळ नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हा क्लिअर कट वर्कमनशिपचा इश्यू आहे. मिस्त्री बदलू या. मी मेल ड्राफ्ट करतो, तुम्ही फक्त सही करा. संध्याकाळी समितीपुढे वाचू."

"एकही पॅनेल बरोबर बसलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"मॅडम, फिटिंग परफेक्ट होतं. एक मिलिमीटरची गॅप नाही."

ते खरंच होतं. तिथेच तर ग्यानबाची मेख! चारातलं एक पॅनेल उलटं बसलं असतं तर शेजारच्याशी कड जुळलीच नसती, आंधळ्यालाही कळलं असतं. चारही उलटी बसली की सगळं छान जुळतं. टेकडीवर भिंती वरखाली, म्हणून पॅनेलना भिंतीवर टेकू देणारे पाईपही स्क्रूने कमीजास्त उंच होणारे घेतले होते. तेही बिचारे निमूट जुळले. एकटा चुकला तर दिसतो. चौघं मिळून चुकले की त्याला सिस्टीम म्हणतात.

शांताराम कोपऱ्यात फडक्याने फरशी पुसत होते. मी तावातावाने गेले. "मिस्त्री, काय केलंत हे? काय सांगितलं होतं मी?"

ते उठले. आवाज चढवला नाही. "तुमी जा सांगलात, ता मी केलंय. हय या. मदी उभ्या ऱ्हवा आणि वर बघा. हसता की नाय?"

मी मध्ये उभी राहिले, ओल्या फरशीवर. वर बघितलं. समोरचं पॅनेल हसत होतं. डावीकडचं हसत होतं. उजवीकडचं, मागचं. चारही पॅनेल माझ्याकडे बघून दात काढत होती.

मी म्हणत होते ती हसणारी रेघ मध्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे जाणारी. शांताराम मध्ये उभे राहिले आणि त्यांनी बघितलं समोरून काय हसतंय ते. वेफर तोच. मी एका बाजूने पाहिला, त्यांनी दुसऱ्या. निनादच्या सव्वीस पानांत बरोबर होतं. वाट लावली ती माझ्या एका सोप्या वाक्याने.

संध्याकाळी समिती जमली. निनादने कागद पुढे केला. त्यात 'अकुशल कामगार' असा शब्द होता. शांताराम दाराशी उभे होते, चप्पल घालूनच, निघायच्या तयारीत. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, "मिस्त्रींनी मी सांगितलं तेच केलंय. चूक माझी आहे. मी चुकीचं शिकवलं."

निनाद कुजबुजला, "मॅडम, कशाला अंगावर घेताय?"

"अंगावर सकाळीच पडलंय रे, अकरा हंडे."

लीलामावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता पत्रा टाकायचा का?"

"दोन दिवस द्या मावशी. नाही जमलं तर पत्रा मी स्वतः आणून देते."

मॉड्युलर असल्याचा उपयोग अख्ख्या कामात तेवढा एकदाच झाला. बोल्ट काढले, पॅनेल काटकोनात फिरवली, पाईप जुळवले, बोल्ट लावले. शांताराम आणि त्यांची माणसं दीड दिवसात मोकळी. या वेळी मी बोरिवलीला गेले नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा टेस्ट. पाणी मागायला माझं तोंड नव्हतं. मी विकतचे कॅन मागवले होते, ते पायऱ्यांखालीच अडकले. वर येऊन बघते तर शिडीशी हंड्यांची रांग. सगळ्यात पुढे लीलामावशी.

"पाणी देतो," त्या म्हणाल्या, "पण एक अट. तू मध्ये उभी राहायचं. छत्री न घेता."

वस्ती खदखदून हसली. मी टेबल बाजूला सरकवून मध्ये जाऊन उभी राहिले. शांताराम माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. वर पहिला हंडा उपडा झाला. मग दुसरा. मोजत होते, पंधरानंतर विसरले. पाणी चारी बाजूंनी बाहेर पडत होतं आणि बाहेर उभी पोरं भिजून ओरडत होती. चाळीसावा हंडा रिकामा झाला तेव्हा माझ्या डोक्यावर एक थेंब नव्हता.

मी वर बघितलं. चारही पॅनेल तोंड पाडून बसली होती.

"आता रडता हत," शांताराम म्हणाले.

"रडू देत."

निनादने या कामाचं पुढे कुठेतरी प्रेझेंटेशन केलं. त्यात 'लोकसहभागातून सुधारणा' अशी एक स्लाइड होती म्हणे. मी मात्र तेव्हापासून सोपं करून सांगत नाही. पॅनेलवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिते: उंच कोपरा मध्ये. आणि मिस्त्रीला विचारते, तुम्ही कुठे उभे राहून बघणार?