दूधआईच्या मांडीवरचा रिकोटा

इटलीतल्या रोक्कामारा गावात एर्सिलियामावशीचं नाव निघालं की लोक आधी हसतात आणि मग मागे वळून बघतात, कारण ती बहुधा मागेच उभी असते. जन्मभर तिने बाजारात भाजी विकली. आता गुडघे धरतात म्हणून विकत नाही, पण घासाघीस करायची सवय काही गेलेली नाही. कबुलीजबाबाला बसली की पाद्रीबाबांशीसुद्धा ती पापांची घासाघीस करते आणि बरेचदा जिंकते.

तिच्या गल्लीच्या टोकाला, भिंतीतल्या कोनाड्यात, एक दगडी बाई बसलेली असे. मांडीवर दोन तान्ही पोरं, नाक अर्धं उडालेलं. तिचं खरं नाव गल्लीने कधी विचारलं नाही. सगळ्या तिला दूधआई म्हणत. बाळंतिणीला दूध उतरेना, की घरातल्या थोरल्या बाईने दूधआईला नवस बोलायचा. उतरलं की बाळाच्या बाप्तिस्म्याच्या आत, नुकतंच केलेलं कोमट रिकोटा चीज टोपलीसकट तिच्या मांडीवर ठेवायचं. मग ते परक्या घरच्या कुणीतरी तिथेच खायचं. घरच्यांनी खाल्लं तर नवस फिटत नाही. कुणीच भेटलं नाही तर मांजर चालतं.

पुढे शहरातून शिकलेली माणसं आली. दूधआई रोमन काळातली निघाली, कुणा जुन्या देवीची मूर्ती, आणि तिला गावच्या संग्रहालयात नेऊन बसवलं. गल्लीने रिकाम्या कोनाड्यात प्लास्टिकची मारियामाता ठेवली आणि तिच्या पाठीशी दिवा लावला. "दिवा बरा आहे," मावशी म्हणते. "अंधारात किल्ली सापडते."

यंदा तिच्या नातीला, मिरेल्लाला, मुलगी झाली आणि दूध येईना. बाळ रडून रडून दमलं, मग रडेनासंच झालं. मावशी तडक संग्रहालयात गेली, दूधआईसमोरच्या दोरीला पोट टेकवून नवस बोलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिरेल्लाचा झगा ओलाचिंब. घरात सगळे हसले. मावशी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

आता बाप्तिस्मा रविवारवर आला होता आणि नवस तसाच राहिला होता. पाद्री एलिजिओ म्हणाले, "अहो, ती आपल्यातली नव्हेच. तिला बोललेला नवस धरत नाहीत."

"नवस धरत नाहीत. आणि दूध?"

पाद्रीबाबांना एकाएकी मेणबत्त्या मोजायच्या आठवल्या.

गरज सरो नि वैद्य मरो, हे मावशीच्या रक्तात नव्हतं. शिवाय भीती खरी होती. तिच्या सख्ख्या बहिणीने नवस अंगावर ठेवला होता, आणि तिचं दूध महिन्याच्या आत आटलं होतं. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

शुक्रवारी ती हातपिशवीत रिकोटा घालून संग्रहालयात शिरली. रोमन दिवे, रोमन कंगवे, डोकं नसलेला कुणी सेनापती, सगळ्यांना ओलांडून थेट दूधआईकडे. मागून बुटांचा आवाज आला. पहारेकरी उबाल्दो. डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा आणि माशीलाही तिकीट विचारायचा, अशी त्याची ख्याती.

"मावशी, पिशवी गळतेय."

"वय झालंय तिचं."

"दारापासून इथवर पाणी सांडलंय. चीज आहे ना आत?"

"ते माझ्या आणि पिशवीच्या मधलं आहे."

"आत खायचं आणायचं नाही. आणि दोरीपुढे हात गेला की भोंगा वाजतो, वरच्या ऑफिसातून संग्रहालयाच्या मोठ्या बाई खाली येतात. माझी नोकरी आहे हो."

मावशी घरी गेली, रिकोटा जावयाच्या पानात वाढला, आणि शनिवारी बंद व्हायच्या वेळेला नवी टोपली घेऊन परत आली. या वेळी पिशवीत खाली टॉवेल होता.

उबाल्दो दोरीपाशीच उभा होता. मावशीने घाई केली नाही. शेजारच्या काचेच्या कपाटात मातीचे पाय, मातीचे हात, कापडात गुंडाळलेली मातीची बाळं मांडली होती.

"ही खेळणी कुणाची रे?"

"खेळणी नव्हेत. रोमन लोकांनी फेडलेले नवस आहेत."

मावशी काचेला नाक लावून उभी राहिली. "म्हणजे यांचा नवस दोन हजार वर्षं राहिला तरी तू रोज त्याची धूळ पुसतोस. माझा दोन मिनिटं ठेवला तर तुझं संग्रहालय बुडतं?"

"नियम आहे, मावशी."

"तुझी आई नुन्त्सियाता. तू झालास तेव्हा थेंब नव्हता तिच्या अंगावर. तुझी आजी रिकोटा घेऊन आली, आणि परक्या घरची म्हणून तो मी खाल्ला. तिथेच उभी राहून. म्हणून तू आज एवढा उंच होऊन मला नियम सांगतोयस."

उबाल्दो दोरीपासून बाजूला झाला. मग भिंतीवरच्या पेटीकडे गेला आणि गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला, "बंद करताना भोंगा तपासावा लागतो. तपासताना थोडा वेळ बंद असतो, मग आपोआप सुरू होतो. मी भिंतीकडे बघतोय."

मावशीने दोरी वाकवली. दूधआईच्या मांडीवर, दोन पोरांच्या मध्ये, टोपल्या ठेवून ठेवून दगड झिजला होता. टोपली त्यात बरोबर बसली. मावशीने हात जोडले, पोरीचं नाव सांगितलं, आणि तिच्या मनावरचं ओझं उतरलं.

"आता खा," टोपली पुढे करत ती म्हणाली.

"मी? ड्यूटीवर?"

"मग मांजर आण."

उबाल्दोने बोटाने रिकोटा खाल्ला. सगळा खाल्ला, टोपली निपटून. मग टोपी काढली आणि हळूच विचारलं, "मावशी, माणूस लांब असलं तर चालतं का? आमची लेक देलिया तिकडे जर्मनीत, श्टुटगार्टला असते. पुढच्या महिन्यात बाळंत होईल. तिला तिथे कुणी नाही."

मावशीचा चेहरा एकदम मऊ झाला. "नवसाला कुठे गाडी पकडायची असते? पण थोरली बाई हवी. तुझी बायको गेली, आई गेली. घरात थोरला तूच. बोल. हात तिथे ठेव, झिजलंय तिथे."

उबाल्दोने दोरीवरून वाकून हात ठेवला. दगड अजून कोमट होता. तो बोलायला लागला आणि त्याला बरंच बोलायचं होतं. देलियाबद्दल, मग बायकोबद्दल, मग स्वतःबद्दलही. वेळेचं भान राहिलं नाही.

भोंगा असा वाजला की सेनापतीचं उरलेलंही पडेल असं वाटलं. वरून बाईंचा आवाज आला, "उबाल्दो! दोरीपलीकडे कोण आहे?"

त्याने हात काढला नाही. नवस अर्धा राहिला होता.

"मीच आहे, बाई," तो ओरडला. "भोंगा नीट चालतोय. अजून जरा वेळ लागेल."